दुरून डोंगर साजरे

आमच्या गॅलरीतून जीवदानीचा डोंगर दिसतो. मनवेलपाड्यात घर घेतले तेव्हा तो सबंध दिसत असे, आणि सगळ्यांनाच दिसत असल्यामुळे बिल्डरने त्याचे वेगळे पैसे लावले नव्हते. पुढे समोर एक इमारत उठली, तिच्या शेजारी दुसरी उठली, आणि आता त्या दोघींच्या मध्ये जी फट उरली आहे, तेवढाच डोंगर आमच्या वाट्याला आला आहे. सुदैवाने त्या फटीत वरचे देऊळ आणि पायऱ्यांचा एक तुकडा येतो. आमच्या आईचे म्हणणे असे की, देवीनेच इमारतींना बाजूला सरायला सांगितले. दोन इमारतींमध्ये अंतर सोडावे असा महानगरपालिकेचाही नियम आहे, हे मी तिला सांगत नाही.

आईचे वय ब्याऐंशी. विरारला राहायला आल्यापासून दर नवरात्रात एकदा तरी ती जीवदानीच्या पायऱ्या चढून जात असे. पायऱ्या तेराशेच्या वर आहेत असे सारे सांगतात. आईने त्या कधी मोजल्या नाहीत, कारण तिच्या मते देवाच्या दारी हिशेब ठेवू नये. पण गेल्या चार वर्षांत तिच्या गुडघ्यांनी हिशेब ठेवायला सुरुवात केली. पायऱ्या सोडून दुसऱ्या कशाने वर जाणे तिला पसंत नाही. तेव्हा सकाळी आंघोळ झाली की ती गॅलरीत खुर्ची टाकून बसते, त्या फटीकडे पाहून हात जोडते आणि मला विचारते, "आज गर्दी आहे का रे?" एवढ्या लांबचे मलाही दिसत नाही. मी आपला म्हणतो, "आहे, बरीच आहे." नवरात्रात हे उत्तर चुकण्याची भीती नसते.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावरच्या शनिवारी माझा भाचा आला. नालासोपाऱ्याच्या बहिणीचा हा मुलगा. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थाच्या हाताखाली त्याने तीन वर्षे दिवे धरले, वायरी गुंडाळल्या आणि मग स्वतःचा कॅमेरा घेतला. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे मैदानामैदानांवर टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने रंगतात. तशा दोन स्पर्धांचे फोटो काढण्याचे काम त्याला मिळाले होते. विसाराची रक्कम हातात पडताच तीत स्वतःची शिल्लक घालून तो मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारात गेला आणि ७० ते ३०० मिलिमीटरचे एक वापरलेले झूम भिंग घेऊन आला. कंपनीचे नाव सांगत नाही, आणि सांगण्याचे कारणही नाही. पुढे जे घडले त्यात तिचा काही अपराध नव्हता. दुकानदार सरळ माणूस होता. सात दिवस वापरून पाहा, नाही पटले तर आणून द्या, थोडे कापून पैसे परत देतो, असे त्याने सांगितले होते.

"मामा, तुम्ही बघून सांगा," भाचा म्हणाला. "तुम्ही म्हणाल तसं करतो."

मला विचारण्याला कारण आहे. मी आयुष्याची चौतीस वर्षे गिरगावातल्या एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर काढली. छापायच्या चित्रांच्या निगेटिव्ह करायच्या आणि लहानसे भिंग डोळ्याला लावून त्यांतले ठिपके तपासायचे, हे माझे काम. त्यामुळे 'ह्यांना भिंगातले कळते' अशी माझी नातेवाइकांत ख्याती आहे. निवृत्त माणसाला अशी ख्याती फार जपावी लागते. जपायला दुसरे काही उरलेले नसते.

मी भिंग हातात घेतले, खाली-वर केले, 'हं' म्हटले. पुढच्या काचेवर धूळ बसू नये म्हणून माझ्या जुन्या पेटीतून त्याच मापाचा एक फिल्टर शोधून काढला आणि कौतुकाने त्यावर चढवला. मग गॅलरीत उभा राहिलो, झूम ३०० वर नेला आणि दुपारी साडेबाराच्या उन्हात जीवदानीच्या देवळाचे सहा फोटो काढले. आम्ही ते कॉम्प्युटरवर घातले. मी भाच्याला म्हणालो, "पूर्ण मोठं कर." त्याने केले. देऊळ जणू साखरेच्या पाकात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. उन्हातल्या कडांना जांभळी किनार होती. पायऱ्यांवरची माणसे म्हणजे शिजून फुटलेली शिते.

"परत कर," मी म्हणालो. "हे भिंग नव्हे, बाटलीचं बूड आहे."

भाचा काही बोलला नाही. त्याने फक्त मागचे झाकण लावले, पुढचे लावले आणि भिंग पिशवीत ठेवले. ते इतके हळू ठेवले की, मला ते पाहवेना. कापून मिळालेल्या पैशांत दुसरे भिंग येणार नव्हते, आणि भिंगाशिवाय मैदानाच्या सीमेवरून फलंदाज म्हणजे मुंगी दिसणार होता. विसार परत करावा लागला असता. धंद्याच्या पहिल्याच वर्षी काम परत करणाऱ्याला दुसरे काम कोण देतो?

आई मागे उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "मला तर दिसलं की रे देऊळ!"

"आई, तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मला रात्री झोप येऊ देईना. अंथरुणावर पडल्यापडल्या आमच्या खात्याचे जुने हेड आठवले. चित्र अस्पष्ट आले की नवीन पोरे भिंगाला दोष देत. मग हेड म्हणत, "भिंगाला सगळ्यांच्या शेवटी शिव्या घालायच्या. आधी पाया बघ, मग दिवे बघ, मग स्वतःकडे बघ." आमचा तो कॅमेरा केवढा! यंत्रांची थरथर लागू नये म्हणून त्याचा सांगाडा स्प्रिंगांवर तोललेला, चित्र काचेखाली सपाट दाबून बसवलेले, दोन्ही बाजूंनी मोजून-मापून दिवे. एवढा थाट केल्यावर आम्ही भिंगाला प्रश्न विचारत असू. आणि आज मी काय केले? पाया म्हणजे माझे सदुसष्ट वर्षांचे हात. दिवे म्हणजे ऑक्टोबरातले भर दुपारचे ऊन. आणि स्वतःकडे तर मी पाहिलेच नव्हते.

सकाळी भाच्याला फोन केला. "बोरा बाजारला जाऊ नकोस. अजून सहा दिवस आहेत. ट्रायपॉड घेऊन ये."

पुढच्या सहा दिवसांत आम्ही जे केले ते इथे सविस्तर लिहितो. दिवाळीत घरोघरी कॅमेऱ्याची खरेदी निघते आणि तिच्याबरोबर स्वस्तातले लांब झूम भिंग घ्यावे की नाही याची चर्चाही निघते. तेव्हा आमच्या चुकीचा उपयोग दुसऱ्या कोणाला झाला तर बरे.

वापरलेल्या भिंगाची पहिली परीक्षा दुकानात गल्ल्यापाशीच करायची असते आणि तिला पाच मिनिटे पुरतात. ती भाच्याने शहाणपणाने केली होती. झूमची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायची. ती मध्येच अडकता कामा नये. भिंग तोंड खाली करून धरायचे. नळी आपोआप घसरून लांब होत असेल तर ते फार वापरलेले आहे. पुढे निघालेली नळी हलकेच हलवून पाहायची. किंचित ढिलाई स्वस्त भिंगात असतेच, पण ती खडखडता कामा नये. मग विजेरीचा झोत मागून आत टाकून पुढून तिरपे पाहायचे. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करावे. चित्रात ते उमटत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि नमस्कार करून दुकानाबाहेर पडावे. आमच्या वसई-विरारच्या दमट हवेत बुरशीला आमंत्रण लागत नाही. एका भिंगाची बुरशी पेटीतल्या दुसऱ्या भिंगांकडेही पाहुणचाराला जाऊ शकते.

दुसरी परीक्षा घरची. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर गाड्या लावायच्या जागेत एक लांबलचक भिंत आहे. तिच्यावर मी वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान उघडून सपाट चिकटवले. त्या बारीक टायपाइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही, आणि ती चार-पाच रुपयांत मिळते. दहा मीटर अंतरावर ट्रायपॉड ठेवला. भाच्याच्या कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, २२ मिलिमीटर रुंदीचा आहे. त्यावर ३०० मिलिमीटरच्या भिंगातून दहा मीटरवरची पाऊण मीटर रुंद जागा दिसते. म्हणजे उघडलेले वर्तमानपत्र जवळजवळ चौकट भरते.

आम्ही दोघे दहा मीटरवरून छोट्या जाहिराती न्याहाळतो आहोत हे पाहून दुसऱ्या मजल्यावरचे एक शेजारी थांबले. म्हणाले, "जागा बघताय का? मग जवळ जाऊन वाचा की!"

ट्रायपॉड असला म्हणजे झाले असे नव्हे. बटण दाबताना बोटाचा जो धक्का लागतो तोही ३०० वर भोवतो. म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. फोकस आपोआप न घेता कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरे दहापट मोठी करून हाताने जुळवला. ७०, १००, २०० आणि ३०० अशा चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी आधी भिंग पूर्ण उघडे ठेवून, मग एफ/८ ला आणि मग एफ/११ ला. आणि प्रत्येक वेळी तीन-तीन फोटो. तीन अशासाठी की, एक फोटो बिघडला तर तो आपला दोष असू शकतो. तिन्ही बिघडले तर मात्र भिंगाला जाब विचारता येतो.

वर येऊन पाहतो तो काय? ७० पासून २०० पर्यंत एफ/८ ला अक्षरे स्वच्छ, पण ३०० वर मात्र धुके! आणि सगळ्या फोटोंत उजवीकडचे रकाने डावीकडच्यापेक्षा पुसट. माझा चेहरा पडला. पूर्ण उघडे असताना चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो स्वस्त भिंगाचा स्वभाव म्हणून सोडून देता येतो. पण एकच बाजू सारखी पुसट येत असेल, तर आतली एखादी काच मध्यापासून सरकलेली किंवा तिरपी बसलेली असते. हा दोष ॲपर्चर लहान करून थोडा झाकतो, पण जात नाही, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरने पुरता दुरुस्त होत नाही. असे भिंग परतच करावे, मग ते कितीही स्वस्त असो.

भाचा म्हणाला, "मामा, भिंत आणि कॅमेरा समोरासमोर होते कशावरून?"

पोराने मला पकडले. प्रोसेस कॅमेऱ्यात चित्राची फळी आणि भिंग ही समांतर बसवूनच येतात. ट्रायपॉडला तशी सवय नसते. मग सौभाग्यवतीच्या पर्समधला लहान आरसा न विचारता घेतला आणि वर्तमानपत्राच्या मधोमध भिंतीला सपाट लावला. कॅमेऱ्यातून पाहिले तर आरशात आपलेच भिंग बरोबर मध्यभागी दिसले पाहिजे. तरच कॅमेरा भिंतीला सरळ. आमचे भिंग आरशात दिसेचना. ट्रायपॉड सरकवत सरकवत ते मध्यभागी आणले, पुन्हा सगळे फोटो काढले, आणि उजवे रकाने डाव्यांसारखे झाले.

तरी ३०० वरचे धुके राहिलेच होते. एवढ्यात आरसा शोधत सौ. खाली आली. आरसा मिळाल्यावर तिने कॅमेऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "अहो, ह्या पुढच्या काचेतून सगळं दिसतं ना? मग ती एवढी पिवळट का?"

ती पुढची काच म्हणजे मी कौतुकाने चढवलेला फिल्टर. लांब भिंगापुढे काच लावायची तर ती अतिशय सपाट लागते, कारण भिंग तिचा प्रत्येक दोषही मोठा करून दाखवते. माझा फिल्टर पेटीत वीस वर्षे पडून होता. तो काढला, आणि ३०० वर एफ/८ ला छोट्या जाहिरातींतले फोन नंबर वाचता येऊ लागले. भाचा सभ्य मुलगा आहे. तो फक्त म्हणाला, "मामा, हा फिल्टर पेटीतच छान राहील."

आता आपण शंभर टक्के मोठे करून पाहतो म्हणजे काय करतो, तेही सांगतो. भाच्याच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० ठिपके रुंद आहे. साधारण कॉम्प्युटरच्या पडद्यावर एका इंचात सुमारे ९६ ठिपके मावतात. म्हणजे ठिपक्याला ठिपका लावून पाहिले तर ते चित्र बासष्ट इंच, पाच फुटांहून अधिक रुंद होते आणि आपण त्याला नाक लावून पाहतो. बाजारात साडीचा पोत भिंगातून पाहून कोणी साडी नापसंत करीत नाही. तेच चित्र बारा इंच रुंद छापले तर इंचाला ५०० ठिपके पडतात. हातात धरून पाहणाऱ्या डोळ्याला त्याहून कमी पुरतात. भाच्याची गिऱ्हाइके फोटो मोबाइलवर पाहणार आणि एखाद-दुसरा मोठा करून क्लबात टांगणार. भिंगाची परीक्षा त्या आकारात व्हायला हवी.

स्वस्त भिंग स्वस्त का, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. भिंगाची लांबी भागिले एफचा आकडा म्हणजे प्रकाश आत येण्याच्या वाटेची रुंदी. ३०० ला एफ/५.६ हवा असेल तर ही वाट सुमारे ५४ मिलिमीटरची लागते. तेच एफ/२.८ हवे असेल तर १०७ मिलिमीटरची. रुंदी दुप्पट, म्हणजे काच चौपट आणि प्रकाशही चौपट; वजन आणि किंमत मात्र चौपटीवर थांबत नाहीत. दुसरी गोष्ट रंगांची. काच निळ्या किरणाला जास्त वाकवते, तांबड्याला कमी. भिंग जितके लांब तितकी ही फाटाफूट अधिक दिसते. तिला आवर घालायला निराळ्या जातीची काच लागते. कॅनन कंपनीने १९६९ साली फ्लोराइटचे स्फटिक घातलेले ३०० मिलिमीटरचे भिंग काढले ते ह्याचसाठी. स्वस्त भिंगात असली काच नसते किंवा नावापुरती असते. म्हणून उन्हातल्या पांढऱ्या कडेला जांभळी किनार येते. ती बरीचशी कॉम्प्युटरवर काढता येते.

झूम भिंगाची तर जातच तडजोडीची. स्थिर फोटोच्या लहान कॅमेऱ्यासाठी पहिले झूम भिंग आले ते १९५९ साली. फोइग्टलेंडर कंपनीचे झूमार. ३६ ते ८२ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन पटीची मजल. आमचे भिंग चौपटीहून अधिक मजल मारते, तीही विसाराच्या पैशांत. त्याने दोन्ही टोकांना सारखेच उत्तम असावे हा हट्ट बरा नव्हे. सत्तरपासून दोनशेपर्यंत ते गुणी आहे. तीनशेवर ते एफ/८ मागते. एवढे समजून घेतले की ते रुसत नाही.

तिसरी परीक्षा रात्रीची. समोरच्या इमारतीने दसऱ्याला लावलेले दिव्यांचे तोरण दिवाळीपर्यंत तसेच ठेवले होते. अंधारात तो एकेक दिवा म्हणजे प्रकाशाचा बिंदू. एकच दिवा आळीपाळीने चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणून फोटो काढले. पूर्ण उघड्या भिंगात कोपऱ्यातल्या दिव्याला इवलेसे शेपूट फुटत होते. पण चारही कोपऱ्यांत शेपूट सारख्याच लांबीचे होते. काचा जागच्या जागी असल्याची ही पावती. मात्र त्याच रात्री भिंगाची खरी उणीवही कळली. अंधुक उजेडात त्याचा आपोआप होणारा फोकस पुढे-मागे घुटमळत राहतो, रिक्षावाल्याने सुट्टे पैसे शोधावेत तसा. भाच्याला एका शाळेच्या संध्याकाळच्या स्नेहसंमेलनाचेही बोलावणे होते. मी सांगितले, ते काम ह्या भिंगाने घेऊ नकोस. एका दिवसाच्या भाड्याने मोठे भिंग आण. वस्तूला काय येत नाही हे आधी कळणे, हाही परीक्षेचाच भाग आहे.

राहिली जीवदानी. पहिल्या दिवशी मी जी पाकात बुडवलेली प्रतिमा काढली तिचा निम्मा दोष फिल्टरचा आणि हाताचा होता. ह्या भिंगात थरथर थोपवणारी यंत्रणा नाही. तशी सोय असलेले पहिले बदलते भिंग कॅननने १९९५ साली काढले, तेही ७५ ते ३०० मिलिमीटरचेच होते. यंत्रणा नसली की ३०० वर हाताने फोटो काढताना सेकंदाच्या पाचशेव्या भागाहून मंद जाऊ नये. मी सावकाशीने दोनशेव्या भागावर काढले होते. पण उरलेला निम्मा दोष कोणत्याही भिंगाने टाळता आला नसता. आमच्या घरापासून देऊळ मैलभर असेल. दुपारी मधल्या पत्र्यांवरून आणि गच्च्यांवरून गरम हवेच्या लाटा उठतात आणि चित्र त्यांतून पोहत येते. लाखाचे भिंग लावले तरी ते ह्या लाटाच अधिक स्पष्ट दाखवील. शिवाय हिशेब असा की, मैलभरावरचा माणूस ह्या कॅमेऱ्यात ऐंशी ठिपके उंच येतो आणि त्याचा चेहरा दहा ठिपक्यांत आटपतो. मी त्या दहा ठिपक्यांत नाक-डोळे शोधत होतो!

सहाव्या दिवशी संध्याकाळी परतीच्या पावसाची एक सर आली आणि हवा धुऊन गेली. सातव्या दिवशी पहाटेच भाचा पहिली गाडी पकडून आला. सूर्य वर यायच्या आत ट्रायपॉड गॅलरीत उभा राहिला. फिल्टर पेटीत, टायमर दोन सेकंदांवर, ३०० मिलिमीटर, एफ/८. उजेड फुटला तसे फटीतले देऊळ उजळले. भाच्याने दहा फोटो काढले. मी बोटही लावले नाही. मला माझ्या बोटाचा अनुभव होता.

त्यातला एक फोटो बारा बाय अठरा इंचाचा छापून घेतला आणि संध्याकाळी आईच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला. देऊळ पाहिले, हात जोडले. मग बोट पायऱ्यांवरून हळूहळू खाली आणू लागली. पायऱ्यांवर पहाटेची थोडी माणसे होती, तिळाएवढी. एका वळणाशी तिचे बोट थांबले.

"इथं मी बसायची," ती म्हणाली. "दर वेळी इथंच दम लागायचा. तुझे वडील पुढं जाऊन वरून हाक मारायचे." थोडा वेळ ती त्या वळणाकडेच पाहत राहिली. "आता बसायला कठडा केलाय वाटतं कुणी."

मी डोळ्याला माझे जुने भिंग लावून पाहिले. त्या जागी सहा-सात करडे ठिपके होते. तो कठडा होता, की सावली, की नुसता भिंगाचा मऊपणा, हे माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवाला सांगता येईना. आईला मात्र खात्री होती. ती तिथे बसलेली होती.

दुकानदाराला भाच्याने फोन करून सांगितले, भिंग ठेवतो आहे. क्रिकेटच्या दोन्ही स्पर्धा त्याने पार पाडल्या. सगळे सामने सकाळ-दुपारच्या उन्हात, एफ/८ ला, सेकंदाच्या हजाराव्या भागाने. यंदा त्याला त्याच मंडळींनी पुन्हा बोलावले आहे. भिंग आता सौ.च्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहते. त्या डब्यात पूर्वी चकल्या असत. यंदा दिवाळीला चकल्यांचे काय करायचे हा प्रश्न आमच्याकडे चर्चेत आहे.

फोटो आईच्या खुर्चीसमोर लावला आहे. परवा ती मला म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते काही खोटं नाही रे. पण ज्याचे पाय तिथं लागलेत त्यालाच ते साजरे दिसतात." मग थोडे थांबून विचारले, "हे तुमचं भिंग माझ्या चष्म्यात बसवता येईल का?"

मी म्हणालो, "आई, ते फार जड आहे."

"किती?"

"अर्धा किलो."

"मग नको," ती म्हणाली. "तुझ्या चष्म्यात बसव. तुला त्यातलं कळतं."